यॉर्कचा इतिहास लिहिताना व्हिक्टोरियन अँटिक्वेरियन मंडळींवर किती विसंबावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही इंग्लंडमधल्या यॉर्कला स्थायिक आहात, गुडरमगेट रस्त्याजवळच्या आपल्या गल्लीचा इतिहास लिहायला घेतला आहे, आणि जे पुस्तक उघडावे ते एकोणिसाव्या शतकातल्या कुणा पाद्र्याचे नाहीतर वकिलाचे, म्हणजे जुन्या वस्तू-कागदांच्या हौशी अभ्यासकाचे (अँटिक्वेरियनचे), निघते. एक जण सांगतो, हौशी लोकांचे लिखाण ते, त्याला हात लावू नका. दुसरा सांगतो, त्यांनी सगळे शोधून ठेवले आहे, तुम्ही नवीन काय सांगणार? मग ऐकायचे कोणाचे?

माझ्या मते दोघांचेही नको. या शहराच्या जुन्या दप्तरांत माझ्या उमेदीची वर्षे गेली. तिथे एक प्रश्न मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला: हे लिहिणाऱ्या माणसाच्या हातात कोणत्या कपाटाची किल्ली होती? त्याने काय पाहिले, काय पाहता आले नाही आणि कशाबद्दल तो अंदाजाने बोलतोय, हे बहुतेक वेळा या एकाच गोष्टीवरून कळते.

यॉर्कमधली मुख्य माणसे या नजरेने पाहा. रॉबर्ट डेव्हिस १८२७ ते १८४८ या काळात शहराचे टाउन क्लार्क, म्हणजे नगरपालिकेचे मुख्य कारभारी अधिकारी, होते. नगरपालिकेच्या पेट्या, सनदा, सभांची इतिवृत्ते, सगळे त्यांच्याच ताब्यात. मिन्स्टरचे, म्हणजे यॉर्कच्या कॅथेड्रलचे, कॅनन (धर्मगुरू) जेम्स रेन यांना चर्चची दप्तरे आणि आर्चबिशपच्या न्यायालयातली मृत्युपत्रे उघडी होती. त्यांचे वडीलही जेम्स रेनच, आणि १८३४ मध्ये डरहममध्ये स्थापन झालेल्या सर्टीज सोसायटीचे ते पहिले सचिव. उत्तर इंग्लंडची जुनी कागदपत्रे छापायची, एवढ्यासाठीच ही संस्था निघाली होती. नावे सारखी असल्याने दोघांची गल्लत फार होते. कोणत्या खंडावर कोणते रेन आहेत, हे आधी बघून घ्या.

चार्ल्स वेलबिलव्हेड यांच्याकडे मात्र यातली एकही किल्ली नव्हती. ते युनिटेरियन या, अधिकृत इंग्लिश चर्चबाहेरच्या, ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक. तुमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर सेंट सेव्हियरगेटला त्यांचे प्रार्थनामंदिर होते. १८०३ ते १८४० या काळात मँचेस्टर कॉलेज यॉर्कला होते, त्याचे प्राचार्यही तेच. कॅथेड्रलच्या शहरात राहून कॅथेड्रलच्या चर्चबाहेरचा हा माणूस. त्यांनी हात घातला तो जमिनीखालच्या इतिहासाला. पाया खणताना, गटारे काढताना, रस्ते उकरताना जे वर येई ते पाहणे, मोजणे, लिहून ठेवणे. त्यातून १८४२ मध्ये रोमन यॉर्कवरचा त्यांचा ग्रंथ आला. कागदाचे कपाट बंद असलेल्या माणसाने दगडाचे कपाट उघडले, असे मी समजतो.

त्यांना संस्थेचा आधार होता. यॉर्कशायर फिलॉसॉफिकल सोसायटी १८२२ मध्ये निघाली ती मुळात हाडांमुळे. आदल्या वर्षी कर्कडेलच्या गुहेत तरसांची आणि इतर प्राण्यांची प्राचीन हाडे सापडली, आणि ती ठेवायला जागा हवी म्हणून मंडळी एकत्र आली. पुढे सेंट मेरीज अ‍ॅबीच्या पडक्या मठाची जागा मिळाली, १८३० मध्ये संग्रहालय उघडले. भूगर्भशास्त्र, प्राणिशास्त्र आणि पुरावशेष एकाच छपराखाली आले, याचा फायदा झाला. दगड कुठे, किती खोल, कोणत्या थरात सापडला हे लिहिण्याची सवय भूगर्भवाल्यांच्या संगतीने थोडीफार तरी लागली.

त्या सवयीचे मोल तुमच्याच रस्त्यावर दिसते. ७ ऑक्टोबर १८५४ रोजी गुडरमगेटच्या किंग्ज स्क्वेअरकडच्या टोकाला गटार खणताना एक फुटकी कोरीव शिळा मिळाली. खोली नोंदवली गेली: २८ फूट. शिळेवर सम्राट ट्राजनच्या पदव्या आहेत, हिस्पाना नावाच्या नवव्या रोमन पलटणीचे नाव आहे, आणि त्या पलटणीकरवी वेस बांधल्याचा उल्लेख आहे. पदव्यांच्या क्रमावरून साल निघते इ. स. १०७–१०८. ब्रिटनमध्ये नवव्या पलटणीचा यानंतरचा नेमक्या सालाचा पुरावा नाही, म्हणून तिचे पुढे काय झाले या वादात आजही प्रत्येक अभ्यासक या शिळेपाशी येतो. आता विचार करा, खणणाऱ्यांनी ती वर काढून नुसती संग्रहालयात पोचवली असती आणि जागा लिहिलीच नसती तर? अक्षरे वाचता आली असती, पण लेखातली वेस शहरात कुठे होती हे सांगता आले नसते. रोमन किल्ल्याची आग्नेय वेस किंग्ज स्क्वेअरच्या आसपास होती, हे सांगताना ही जागेची नोंद मोठा आधार ठरते. तुमच्या पहिल्या प्रकरणाची सुरुवात इथून करता येईल, कारण तुमच्या पायाखाली किती इतिहास साचला आहे हे २८ हा एक आकडाच सांगून जातो.

याच मंडळींची दुसरी बाजू रेल्वेच्या जागेवर दिसते. पहिले स्टेशन १८४१ मध्ये शहराच्या तटाच्या आत झाले, त्यासाठी तटाला भगदाड पाडून कमान बांधली. नवे स्टेशन १८७७ मध्ये तटाबाहेर उघडले. या दोन्ही कामांत रोमन दफनभूमी उकरली गेली. नव्या स्टेशनच्या कामावर कॅनन रेन जातीने जात, जमेल तेवढे वाचवत. पण शेकडो मजूर एकाच वेळी खणताहेत, कंत्राटदाराला मुदत पाळायची आहे, वस्तू गुपचूप विकली तर मजुराला चार पैसे सुटताहेत, अशा ठिकाणी एकटा माणूस काय काय टिपणार? त्यातून आलेली एक वस्तू संग्रहालयात आहे, ती जरूर पाहा: एका रोमन स्त्रीच्या केसांचा लालसर तपकिरी अंबाडा, आणि त्यात अजून खोचलेल्या जेट या काळ्या दगडाच्या पिना. प्रेताभोवती जिप्सम ओतले होते म्हणून केस टिकले. काचेपलीकडे तो अंबाडा पाहताना दीड हजारांहून अधिक वर्षे मधे उभी आहेत हे मनाला पटत नाही. पण तिथल्या कितीतरी भांड्यांबद्दल आणि दागिन्यांबद्दल ‘रेल्वे स्टेशनच्या जागी सापडले’ यापलीकडे काही सांगता येत नाही. कोणती वस्तू कोणत्या थडग्यातली, कुणाशेजारी कोण पुरले होते, हे कायमचे गेले. सांगाडे तर फारसे कुणी ठेवलेच नाहीत.

आणि त्यांच्या डोळ्यांना जे दिसतच नव्हते, त्याचे काय? लॅटिन शिकलेल्या या पिढीला रोमन दगड दिसे, मध्ययुगीन कमान दिसे. मधला काळा, ओला, कुजकट वासाचा थर मजुरांच्या फावड्याखाली निघून जाई. व्हायकिंग यॉर्क त्याच थरात होते. १९७६ ते १९८१ या काळात कॉपरगेटला यॉर्क आर्किऑलॉजिकल ट्रस्टने तो थर बोटाबोटाने उकलला, तेव्हा घरांच्या विणलेल्या कुडाच्या भिंती, चामड्याचे जोडे, लाकडी वाडगे असा सुमारे ४०,००० वस्तूंचा साठा हाती आला. म्हणून व्हिक्टोरियन पुस्तकात तुमच्या गल्लीच्या दहाव्या शतकाबद्दल काही नसेल, तर तिथे काही नव्हते असे कधीही समजू नका.

आता कागदांकडे येतो, कारण तुमचे खरे काम तिथे आहे.

डेव्हिस यांनी १८४३ मध्ये नगरपालिकेच्या इतिवृत्तांतले उतारे छापले, चौथा आणि पाचवा एडवर्ड आणि तिसरा रिचर्ड यांच्या काळातले. या इतिवृत्तांच्या वह्यांना यॉर्कमध्ये हाउस बुक्स म्हणतात. बॉसवर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी, २३ ऑगस्ट १४८५ रोजी, यॉर्कच्या सभेने आपल्या वहीत लिहून ठेवले की आमच्यावर आजवर दयेने राज्य करणारा राजा दगाबाजीने मारला गेला आणि या शहराला मोठे दुःख झाले. लढाई जिंकणारा नवा राजा वाटेवर असताना हे लिहिणे सोपे नव्हते. माझ्या मते इंग्लंडच्या कोणत्याही शहराच्या दप्तरातल्या सर्वांत धीट ओळींत ही ओळ बसते.

या वह्या १८९२ च्या महापुरात भिजल्या. ऊझ नदीचे पाणी गिल्डहॉलच्या दप्तरात शिरले. त्यांतली पाने उघडली की नुकसान लगेच कळते: कडा झिजलेल्या, शाई पसरून अक्षरे एकमेकांत मिसळलेली, कुठे ओळीचे टोकच गेलेले. जिथे मूळ पान वाचता येत नाही, तिथे पुराच्या आधी पन्नास वर्षे उतरवून घेतलेली डेव्हिस यांची नक्कल कामी येते. तेव्हा ‘हौशी लोक’ म्हणून हे पुस्तक बाजूला ठेवणे म्हणजे उरलेला साक्षीदार आपणच दाराबाहेर काढणे.

यॉर्कमध्ये असे अनेकदा घडले आहे. यादवी युद्धातल्या १६४४ च्या वेढ्यात सेंट मेरीज टॉवर सुरुंगाने उडाला तेव्हा तिथे ठेवलेली मठांची कागदपत्रे मातीत गेली. जुनी कागदपत्रे उतरवून घेणारे रॉजर डॉड्सवर्थ यांनी आधीच केलेल्या नकलांमुळे त्यांतली बरीच आज ठाऊक आहेत. मिन्स्टरच्या पूर्वेकडच्या भव्य खिडकीसाठी काच-कारागीर जॉन थॉर्नटन याच्याशी १४०५ मध्ये झालेला करारही आपल्याला नकलेमुळेच माहीत आहे: आठवड्याला ४ शिलिंग, वर्षाला ५ पौंड, आणि काम वेळेत पुरे झाले तर वर १० पौंड. नक्कल करणे ही या शहराची जुनी परंपरा आहे. व्हिक्टोरियन मंडळींनी ती छापखान्यापर्यंत नेली.

पण डेव्हिस यांनी उतारे छापले, सगळी वही नव्हे. निवड त्यांची होती, आणि राजे, स्वागतसमारंभ, राजाकडून आलेली पत्रे यांकडे त्यांचा ओढा होता. मासळीबाजाराची भांडणे, रस्त्यावर टाकलेला कचरा, शेजाऱ्याच्या पडवीने अडवलेला उजेड असल्या गोष्टींना त्यांच्या लेखी दुय्यम जागा. तुमच्या गल्लीचा इतिहास नेमका याच गोष्टींत आहे. म्हणून लोरेन अ‍ॅट्रीड यांनी १९९१ मध्ये काढलेली १४६१–१४९० या काळाची संपूर्ण आवृत्ती शेजारी ठेवून डेव्हिस वाचा. दोन्हींतला फरक पाहिला की एका व्हिक्टोरियन टाउन क्लार्कला काय महत्त्वाचे वाटे ते आपोआप समजते.

मृत्युपत्रांचेही तसेच. सर्टीज सोसायटीने यॉर्कच्या मृत्युपत्रांचे सहा खंड १८३६ ते १९०२ या काळात काढले. वाचायला विलक्षण आहेत. कोणी आपला चांदीचा पेला भाचीला देतो, कोणी मिन्स्टरमधल्या कोणत्या वेदीपाशी मेणबत्ती जळावी ते सांगतो. पण संपादकांनी निवडले कोणाला? सरदार, धर्मगुरू, मोठे व्यापारी. शिवाय मजकूरही जागोजागी संक्षिप्त केला. या सहा खंडांवरून कोणी मध्ययुगीन यॉर्कच्या स्त्रियांबद्दल किंवा साध्या कारागिरांबद्दल टक्केवारी मांडू लागला तर त्याला तिथेच थांबवा. मूळ नोंदवह्या १३८९ पासूनच्या आहेत आणि यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक इन्स्टिट्यूट या अभिलेखागारात आहेत. तुमच्या रस्त्यावरचा चांभार किंवा कसाई छापील खंडात नसला तरी त्या नोंदवहीत असू शकतो.

निष्कर्षांबाबत अधिक सावध राहा. १८२९ मध्ये जोनाथन मार्टिन याने मिन्स्टरला आग लावली. त्यानंतरच्या दुरुस्तीत गायनकक्षाखालचे जुने बांधकाम उघडे पडले आणि जॉन ब्राउन या चित्रकाराने ते बारकाईने रेखाटले. रेखाटने आजही कामाची आहेत. पण तिथल्या तिरप्या दगडांच्या, माशाच्या काट्यासारख्या रचनेला जुन्या अभ्यासकांनी सॅक्सन काळात, म्हणजे १०६६ मधल्या नॉर्मन विजयाच्या आधी, नेले, सातव्या शतकातल्या एडविन राजाच्या चर्चशी नाते जोडले. १९६७ ते १९७२ मध्ये मधला मनोरा खचू नये म्हणून पाया मजबूत करताना खाली मोठे उत्खनन झाले. रोमन किल्ल्याचे मुख्यालय मिळाले, नॉर्मन आर्चबिशप थॉमसच्या कॅथेड्रलचा पाया मिळाला. सॅक्सन चर्च मिळाले नाही. जे सॅक्सन समजले गेले ते नॉर्मन होते. हाताने काढलेले चित्र बरोबर, त्याखाली लिहिलेले शतक चूक. या पिढीच्या लिखाणात असे वारंवार दिसते.

लुसी टूलमिन स्मिथ यांचे नाव मुद्दाम घेतो, कारण या विषयावर बोलताना सगळी पुरुषांचीच यादी होते. यॉर्कच्या कारागिरांच्या संघटना कॉर्पस क्रिस्टीच्या सणाला गाड्यांवर बायबलमधली नाटके करत. डेव्हिस यांनी १८४३ च्या पुस्तकाला या सणावर परिशिष्ट जोडले, पण त्यांच्यापाशी होते ते नगरपालिकेचे कागद. नाटकांचे हस्तलिखित शहराबाहेर, खासगी संग्रहात होते. पुढे लॉर्ड अ‍ॅशबर्नम यांच्याकडच्या त्या हस्तलिखितावरून टूलमिन स्मिथ यांनी १८८५ मध्ये नाटकांची पहिली संपूर्ण आवृत्ती काढली. कोणत्या संघटनेने कोणते नाटक करायचे ही यादी एका कपाटात, आणि पात्रांच्या तोंडचे शब्द दुसऱ्या. १९५१ मध्ये सेंट मेरीज अ‍ॅबीच्या अवशेषांत ही नाटके पुन्हा उभी राहिली. योगायोग असा की टूलमिन स्मिथ पुढे ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजच्या ग्रंथपाल झाल्या. वेलबिलव्हेड यांचे यॉर्कमधले कॉलेज ते हेच.

आता प्रत्यक्ष कामाचे. मी टिपण काढताना प्रत्येक नोंदीच्या समासात एक शब्द लिहितो: ‘पाहिले’, ‘उतरवले’, ‘ऐकले’ किंवा ‘मानले’. लेखकाने भिंत स्वतः पाहिली का, कागद समोर ठेवून नक्कल केली का, कुणा म्हाताऱ्याकडून ऐकले का, की आपल्या मनाने धरून चालला? व्हिक्टोरियन लेखक हे चारही एकाच परिच्छेदात, एकाच ठाम सुरात लिहून जातो. ते वेगळे करणे हे तुमचे काम. ‘ऐकले’ला कमी लेखू नका, फक्त ‘पाहिले’ म्हणून पुढे पाठवू नका.

घर ओळखताना घराच्या क्रमांकावर भिस्त ठेवू नका. शॅम्बल्स या गल्लीत मार्गारेट क्लिदरो यांचे स्मारक ३५ क्रमांकाच्या घरात आहे. १५८६ मध्ये आपल्या श्रद्धेपायी त्यांनी प्राण दिले. पण त्या राहत होत्या ते घर बहुधा समोरच्या बाजूचे, १० क्रमांकाचे. एवढ्या प्रसिद्ध व्यक्तीबाबत हे होऊ शकते, तर तुमच्या घराचे काय? १८५२ मध्ये प्रसिद्ध झालेला ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-खात्याचा यॉर्कचा नकाशा घ्या. जमिनीवरच्या एका मैलाला कागदावर पाच फूट एवढे मोठे त्याचे प्रमाण आहे, त्यामुळे परसातली लहानसहान बांधकामेही त्यावर सापडतात. आधी घर त्यावर पक्के करा, मग मागे आणि पुढे सरका.

रॉबर्ट स्केफ यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. शहराच्या पदाधिकाऱ्यांवरची त्यांची तीन हस्तलिखित बाडे यॉर्कच्या ग्रंथालयात आहेत, छापलेली नाहीत, आणि म्हणूनच बरेच जण तिथपर्यंत पोचत नाहीत. कोण कोणाचा जावई, कोण कोणत्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीत) पुरला गेला, कोणाच्या मृत्युपत्रात कोण आले, अशी जुळणी त्यांनी आयुष्यभर केली. १२७२ पासूनची फ्रीमन लोकांची, म्हणजे शहरात धंदा करण्याचा हक्क मिळालेल्यांची, छापील यादी सोबत ठेवली तर तुमच्या गल्लीतली माणसे नावानिशी उभी राहू लागतील. अर्थात त्या यादीत बायका फार थोड्या, आणि मोलमजुरी करणारे जवळजवळ नाहीतच.

आणि गुडरमगेटच्या बाबतीत सर्वांत आधी मी जे केले असते ते सांगतो. मिन्स्टरमध्ये गाणाऱ्या व्हिकार्स कोरल या धर्मगुरू मंडळींचे निवासस्थान बेडर्नमध्ये, तुमच्या अगदी शेजारी होते, आणि शहरात त्यांनी भाड्याने दिलेली घरे बरीच होती. त्यांचे दस्तऐवज नायजेल ट्रिंगम यांनी संपादून छापले ते १९९३ मध्ये. म्हणजे डेव्हिस किंवा वेलबिलव्हेड यांच्या वाचकांपुढे ते अशा रीतीने कधी आलेच नव्हते. त्या दस्तांत घराच्या चतुःसीमा असतात: एका बाजूला अमक्याची जमीन, दुसऱ्या बाजूला तमक्याची, पुढे हमरस्ता, मागे चर्चची हद्द. एका दस्तातला शेजारी दुसऱ्या दस्तात मालक म्हणून भेटतो. गुडरमगेटला होली ट्रिनिटी चर्चच्या कडेला १३१६ च्या सुमारास बांधलेली लेडी रो ही घरांची ओळ अजून उभी आहे, तिथून मोजायला लागा आणि एकेक चतुःसीमा नकाशावर बसवत तुमच्या दारापर्यंत या. त्यानंतर डेव्हिस यांचे, १८८० मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर निघालेले, शहरातून फेरफटका मारणारे पुस्तक उघडा. तोवर त्यांना काय विचारायचे हे तुम्हाला ठाऊक झालेले असेल.